अर्ध्या होडीचे मालक

कुठलीही लाकडी वस्तू समोर आली की आबा तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे, मग कान लावायचे आणि थांबायचे. हे थांबणं जरा जास्तच असायचं. लाकडावर ठोकलं की आवाज लगेच येतो, एवढं शास्त्र मी शाळेत शिकवत होतो. पण आबा त्या आवाजासाठी थांबलेले नसत. डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ते आणखी कशाची तरी वाट पाहत. शेवटी "आलं" म्हणत, नाहीतर "न्हाय आलं" म्हणत, आणि दुसऱ्या विषयावर जात.

मी त्यांच्या गल्लीत बिऱ्हाड केलं त्या दिवशी ते नवा भाडेकरू बघायला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं टेबल दारात उतरवून ठेवलं होतं, त्यावर त्यांनी ठोकलं, कान लावला आणि मान हलवली.

"न्हाय आलं. ह्यात काय राम न्हाय, मास्तर."

माझ्या बायकोनं नाक मुरडलं. वर्षभरात टेबलाच्या पायातून पिवळा भुसा गळायला लागला आणि एक दिवस वह्यांच्या गठ्ठ्यासकट ते बसलं. तेव्हापासून आबा घरात आले की ती पाटसुद्धा लपवायची.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना विक्षिप्त म्हणतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं असतं, पण हे ठोकणं कुठून आलं ते मला कळलं आणि मग सोडवेना.

आबांच्या वडिलांची लाकडाची वखार होती. कोकणातून, दांडेलीकडून सागवानाचे ओंडके यायचे. ओंडका आतून पोकळ आहे का हे वरून दिसत नाही. म्हणून वडिलांनी दोन्ही मुलांना लहानपणीच एक काम लावून दिलं होतं. एकानं ओंडक्याच्या या टोकाला ठोकायचं, दुसऱ्यानं त्या टोकाला कान लावायचा. आवाज स्वच्छ पोचला तर ऐकणाऱ्यानं ओरडायचं, "आलं!" मध्ये कुजकं असलं तर आवाज वाटेतच विरायचा. थोरले आबा ठोकायचे आणि धाकटे तात्या ऐकायचे. म्हणजे ते "आलं" मुळात दोन माणसांचं होतं. मी त्यांच्या ओळखीचा झालो तेव्हा त्यातलं दुसरं माणूस भिंतीपलीकडे राहत होतं आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

आता होडीचं सांगतो. रंकाळा तलावावर, पाण्यातल्या दगडी संध्यामठापासून थोडी अलीकडे, एक शिडाची होडी बांधलेली असायची. जुन्या कोल्हापूरकरांपैकी कुणाला आठवत असेल. तुम्ही शहराच्या बाजूनं पाहिली असेल तर ती निळी होती म्हणाल, आणि पलीकडच्या शेतांच्या बाजूनं पाहिली असेल तर हिरवी. दोन होड्या आहेत असं समजणारे लोक मी स्वतः पाहिलेत. होडी एकच होती. वडिलांनी हौसेनं चांगल्या सागवानाची, कोकणातले सुतार लावून बांधून घेतली होती आणि ट्रकवर घालून गगनबावड्याच्या घाटानं वर आणली होती. ते असेपर्यंत सगळं घर संध्याकाळी होडीत बसायचं. शीड आईनं मांजरपाटाचं शिवलेलं होतं.

वडील गेले आणि वाटण्या झाल्या. वखार वाटली, घर मध्ये भिंत घालून वाटलं, पितळी हंडेसुद्धा समोरासमोर मांडून वाटले. उरली होडी. ती कुणी सोडेना आणि विकू देईना. भावकीतले पंच बसले. आधी म्हणाले, एकानं पुढचा भाग घ्यावा, एकानं मागचा. तर दोघांनाही मागचाच हवा, कारण सुकाणू मागं असतं. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी एका म्हाताऱ्या पंचाच्या डोक्यातून तोड निघाली. सुताराची दोरी गेरूत बुडवून त्यांनी ती होडीच्या नाकापासून शेपटापर्यंत ताणली आणि झटका दिला. उमटलेल्या रेघेच्या उजवीकडची होडी आबांची, डावीकडची तात्यांची. डोलकाठी आणि सुकाणू रेघेवर, म्हणून ते दोघांचं. मग आबांनी आपली बाजू निळी रंगवली आणि तात्यांनी हिरवी.

एवढ्यावर थांबले नाहीत. दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली की दुसऱ्याच्या बाजूला हात लावणार नाही, आणि दुसऱ्याच्या होकाराशिवाय होडी काठावरून सोडणार नाही. होड्या बुडाल्याचं मी ऐकलंय, चोरीला गेल्याचं ऐकलंय. पण उभी चिरल्यासारखी वाटून घेतलेली होडी आमच्या कोल्हापुरातच बघावी.

उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरायचं, संध्यामठाचे दगड उघडे पडायचे आणि होडी चिखलावर बसायची. मग तिची डागडुजी निघे. मला सुट्टी असायची, मी छत्री घेऊन बघायला जायचो. जुन्या धोतराच्या चिंध्या आणि कापूस एकत्र पिळून त्याची लांब वात करायची, जवसाच्या तेलात भिजवायची, फळ्यांच्या फटीत बोथट छिन्नीनं ठोकून बसवायची आणि वरून उकळती राळ ओतायची. आबा सकाळी येऊन उजवी बाजू करत. तात्या ऊन उतरल्यावर येऊन डावी बाजू करत. मधली भर दुपार कुणाचीच नसे. तात्या डावखुरे होते, त्यामुळं त्यांच्या वातीचा पीळ उलटा पडायचा. होडीच्या नाकाशी उभं राहून पाहिलं तर दोन बाजूंचे दोन पीळ समोरासमोर दिसत. काम मात्र दोघांचंही नामी, पाण्याचा थेंब आत येत नसे.

आणि एवढं करून होडी कधी सुटायची नाही. पाणी चढलं की ती काठाशी तरंगायची, पाणी उतरलं की चिखलावर बसायची, आणि पुन्हा डागडुजी. मी एकदा आबांना म्हटलं, "आबा, एकदा सोडा की. शीड माळ्यावर कुजून जाईल."

"त्यानं इचारलं की सोडू. मी कशाला न्हाय म्हनतोय?"

संध्याकाळी तात्यांनाही तेच म्हटलं. ते वात पिळता पिळता हसले. "दादा थोरला हाय. त्यानं इचारावं. मी कधीचा व्हय म्हनून बसलोय."

मी हे निरोप इकडचे तिकडे पोचवले नाहीत असं समजू नका. पोचवले. दोघांनीही ऐकून घेतलं आणि दोघंही म्हणाले की निरोपावर भागत नाही, स्वतः विचारायला हवं. मी कपाळावर हात मारला आणि नाद सोडला.

मग तात्यांना कावीळ झाली. ती बळावली. घराच्या मधल्या भिंतीत एक जुना सागवानी खांब होता. भिंत घालताना तो निम्मा इकडे, निम्मा तिकडे राहिला होता. त्या दिवसांत आबा जेवणखाण सोडून त्या खांबाला पाठ लावून बसायचे. मी भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती. पलीकडून तात्यांच्या कण्हण्याचा आवाज येत होता. आबांनी माझ्यासमोर खांबावर दोनदा ठोकलं आणि कान लावला.

"न्हाय आलं," ते म्हणाले.

"आबा, दारातनं जा की पलीकडं. दहा पावलांवर आहेत."

"जातो," म्हणाले. उठले, दाराशी गेले आणि परत येऊन बसले. सकाळी तात्या गेले होते.

आबांनी खांदा दिला. पंचगंगेच्या घाटावर सगळं आटोपल्यावर माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी इचारायला पायजे हुतं, मास्तर. थोरला मी हुतो. आता इचारायचं कुनाला?" असा हट्टी माणूस इतक्या लोकांत रडताना पाहून मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

तात्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, माहेरी कोडोलीला निघून गेल्या. भिंतीपलीकडे कुलूप लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात होडी चिखलावर बसली तेव्हा डाव्या बाजूच्या फळ्या बोट जाईल इतक्या उघडल्या होत्या. आबांनी नेहमीसारखी आपली बाजू केली आणि डाव्या बाजूकडं बघत उभे राहिले.

मी म्हणालो, "करून टाका. आता कोण आहे भांडायला?"

"बेलभंडारा उचललाय."

"मग मी करतो. माझी काही शपथ नाही."

"तुमी केलं तर ते मीच करून घेतल्यागत हुईल. ऱ्हाऊ द्या."

"वहिनींना विचारू कोडोलीला?"

"शपथ त्याच्यासंगं झालीया. सोडली तर त्यानंच सोडाय पायजे." मग त्यांनी होडीच्या नाकावर, रेघेच्या उजवीकडं, दोनदा ठोकलं आणि कान लावून हळूच विचारलं, "सोडूया का रं?" बराच वेळ थांबले. मान हलवून टोपी झटकली आणि वखारीकडं गेले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी हेच केलं, आणि मग रोजच करायला लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं गल्लीत बोलायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

एका दुपारी मी घरात आडवा झालो होतो. तळ्याकडून ठोकण्याचा आवाज आला. छिन्नीवर मोगरीनं मारल्याचा, सावकाश, मध्ये थांबत. वैशाखाचं ऊन होतं. या उन्हात आबा काम करताहेत म्हणजे आज चक्कर येऊन पडणार, असं म्हणून मी छत्री उचलली. काठावर कुणी नव्हतं. म्हशी धुणारी माणसंसुद्धा त्या वेळी नसतात. पाणी हलत नव्हतं, आवाज थांबला होता. होडीभोवतीचा चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यावर ताजं पाऊल उमटलेलं नव्हतं.

डाव्या बाजूला, मागच्या टोकाची एक फट भरलेली होती.

कापूस पांढरास्वच्छ होता. वरची राळ मी बोटानं दाबली तर बोट चिकटलं. उन्हानं जुनी राळही मऊ होते, असं मी स्वतःला समजावलं. पण आदल्या दिवशी त्या फटीत मी माझ्या छत्रीची काडी घालून पाहिली होती. आता तिथं नखही जात नव्हतं.

मी तडक वखारीत गेलो. आबा तिथं सकाळपासून दोन गिऱ्हाइकांशी दाराच्या चौकटीवरून हुज्जत घालत बसले होते. गिऱ्हाइकं अजून समोर होती, त्यामुळं आबांवरचा माझा संशय तिथंच मिटला. त्यांना घेऊन परत आलो. ते डाव्या बाजूला येऊन उकिडवे बसले, हात पाठीमागे एकात एक धरून, चुकूनसुद्धा लागू नये म्हणून. मान वाकडी करून त्यांनी ती फट पाहिली.

"उलटा हाय," ते म्हणाले.

"काय?"

"पीळ."

मी वाकून पाहिलं. उलटा होता.

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी एखादी फट भरलेली दिसायची. मागून पुढं, क्रमानं. आवाज भर दुपारीच यायचा आणि कुणी काठावर गेलं की थांबायचा. एकदा मी आधीच जाऊन झाडाखाली बसलो. त्या दिवशी काही झालं नाही, फक्त बसून बसून मला डुलकी लागली आणि जागा झालो तेव्हा जवसाच्या तेलाचा वास येत होता. गल्लीतल्या बायकांनी होडीवरून लिंबं उतरून टाकली. माझ्या बायकोनं मला दुपारी घराबाहेर पडायची बंदी केली. रंकाळ्याचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, ही गोष्ट मी वर्गात हसत सांगायचो. त्या उन्हाळ्यानंतर सांगताना हसू येईना.

आबा मात्र टवटवीत झाले. सकाळी आपली बाजू पुसायला यायचे आणि डाव्या बाजूच्या कामावर शेरे मारायचे. "हितं राळ लई घातलीयास. पयल्यापास्नं तुला राळ आवरत न्हाय." हे ते इतक्या सहज बोलत की मी एकदा मागं वळून पाहिलं.

शेवटची फट, नाकाजवळची, भरली गेली त्याच आठवड्यात वहिनी कोडोलीहून आल्या. मी आबांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. थोरल्या दिरासमोर त्या कधी सरळ बोलत नसत. पदर पुढं ओढून, भिंतीकडं तोंड करून त्यांनी एक फडक्यातली वस्तू माझ्यापुढं ठेवली.

"मास्तर, भावजींस्नी सांगा, ह्यांची छिन्नी आनलीया. माज्या ट्रंकंत हुती. आता मला ठेवून घेववत न्हाय."

"का हो, वहिनी?"

"दुपारचं ट्रंक उघडली की राळंचा वास सुटतोय. आय म्हनती, घरात कोन होडी बांधालंय का. लुगड्यास्नी डाग पडल्यात."

मी फडकं सोडलं. छिन्नी वर्षभर ट्रंकेत होती, कुलूप लावून, कोडोलीत. तिच्या धारेला ताजी राळ होती आणि राळेत कापसाचे दोन धागे अडकलेले होते. आबांनी ती बघितली, हातात घेतली नाही. मलाच म्हणाले, "त्येच्या बाजूच्या फळीवर ठेवून या." मी ठेवून आलो. हात धुतले, तरी चिकटपणा दोन दिवस गेला नाही.

वहिनी भिंतीपलीकडचं कुलूप काढून तिथंच राहिल्या. पाणी चढलं. होडी चिखलावरून उचलली गेली आणि तरंगायला लागली. एक थेंब आत आला नाही. श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी, बाराच्या सुमाराला, आबांनी मला बोलावणं पाठवलं. शाळेला सुट्टी होती. गेलो तर आबा होडीशेजारी गुडघाभर पाण्यात उभे होते. शीड काढून आणलं होतं. वहिनी काठावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"मास्तर, आज तुमी कान लावा."

"मी? मला कुठं कळतंय त्यातलं?"

"माजा कान आता म्हातारा झालाय. त्येला जे पायजे तेच ऐकाय येतंय. रोज आल्यागत वाटतंय, पर भरवसा वाटत न्हाय. तुमी काय मला बरं वाटावं म्हनून बोलनार न्हाय, एवढं ठावं हाय मला."

हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, त्यापायी शाळेत माझी बढती दोनदा हुकली होती. मी धोतर खोचलं, पाण्यात उतरलो आणि होडीच्या मागच्या टोकाला कान लावला. लाकूड गार होतं. आबा नाकाशी गेले. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तात्या, सोडूया का?" आणि दोनदा ठोकलं.

त्या दोन ठोक्यांचा आवाज लाकडातून आला, स्वच्छ. मी थांबलो. पाणी फळ्यांना चाटत होतं, ते ऐकू येत होतं. मग पुन्हा दोन ठोके आले. ते समोरून आले नाहीत. डावीकडून, माझ्या कानापासून हातभर अंतरावरून आले, जरा सावकाश, आणि आतल्या बाजूनं. मी दचकून डोकं उचललं. आबांचे दोन्ही हात होडी बांधलेल्या दोरीवर होते. होडीत कुणी नव्हतं.

प्रतिध्वनी असा येत नाही. मी तो विषय शिकवत होतो.

आबा माझ्याकडं पाहत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर असं आर्जव मी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "आलं."

"नक्की?"

"आलं, आबा. नक्की आलं."

त्यांनी टोपी काढून पाण्यात वाकून तोंड धुतलं. मग उजव्या बाजूनं होडीत चढले आणि रेघेच्या उजवीकडं, अगदी कडेला, आपल्या जागी बसले. शीड वर गेलं. त्याला मधोमध मोठा पिवळा डाग पडला होता, पण ते फाटलं नाही. होडी काठ सोडून निघाली.

मी काठावर वहिनींच्या शेजारी येऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. एक माणूस कडेला बसला की होडी त्या बाजूला कलते. आबा काही किरकोळ माणूस नव्हते, वखारीचे ओंडके उचललेली काया होती ती. होडी उजवीकडं कलायला हवी होती. ती पाटासारखी सरळ चालली होती.

वहिनींनी हळू आवाजात विचारलं, "बसल्यात न्हवं?"

"कोण?" मी विचारलं. त्यांची नजर होडीच्या डाव्या बाजूवर होती.

संध्यामठाला वळसा घालून, पार पलीकडच्या काठापर्यंत जाऊन होडी परत फिरली. आबा मध्ये मध्ये डावीकडं मान वळवून बोलताना दिसत होते. एकदा तर ते हसल्याचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला.

आबा त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, झोपेत गेले. आजारी वगैरे नव्हते. होडी पुढं बरीच वर्षं तिथंच होती, नंतर कुणी कुठं नेली मला कळलं नाही, कारण माझी बदली झाली आणि मी गल्ली सोडली. आता मीही त्यांच्या वयाचा झालोय. घरात लोखंडी कपाट आलंय, सनमायक्याचं टेबल आलंय, ठोकून बघावं असं लाकूड राहिलेलं नाही. पण दुपारी पडल्या पडल्या ते आठवले की मला ते होडीत बसलेले दिसत नाहीत. मला ते उतरतानाचे दिसतात.

होडी काठाला लागली. आबा उजव्या बाजूनं उतरले, मागं न बघता दोरी घेऊन खुंटीकडं गेले. त्यांचं वजन गेल्यावर होडी डुचमळून जागच्या जागी सरळ व्हायला हवी होती. तसं झालं नाही. ती डावीकडं कलली आणि तशीच राहिली. वारा पडला होता, पाणी हलत नव्हतं. मी तिच्याकडं बघत उभा होतो. मग डावी कड आणखी थोडी खाली दबली, आणि सुटल्यासारखी वर येऊन होडी सावकाश सरळ झाली.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी पदर पुढं ओढला, आणि वाट सोडून बाजूला झाल्या.